‘कूल डाऊन’ : अर्थ व उपयोग

अनय दुसरीत गेला आणि तो जागेवरून उठतो, ही बाब प्रथमच अधिकृतपणे आमच्या निदर्शनास आणून देण्यात आली.

तोवर आम्हाला ती बाब वाटत नव्हती. सात वर्षांचं मूल उठतं, बसतं, पुन्हा उठतं. पण लातुरात मूल दुसरीत जाऊनही क्लासला नसेल तर शेजारी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात आणि मग त्याच्या वडिलांच्या नोकरीची. म्हणून आम्ही त्याला ‘एकाग्र फाउंडेशन’च्या प्रवेश परीक्षेला बसवलं. आणि तो तिथे बसला नाही.

झालं असं की पेपर सुरू असताना खाली चहावाल्याच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. अनयनं पेन्सिल ठेवली, शेजारच्या मुलीचा हात धरला, “बाहेर!” असं ओरडला आणि जिना उतरून थेट रस्त्याच्या मधोमध, जिथे डोक्यावर ना गॅलरी ना विजेची तार, अशा जागी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी पाच-सहा मुलं पळाली. ती सगळी औशाकडची निघाली.

यात त्याचा दोष नव्हता. आमच्या घरात पलंगाशेजारी, शहाबादी फरशीवर, एक पेला पालथा घातलेला असतो आणि त्या पेल्यावर तांब्या. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी ही यंत्रणा बसली. ती चालवायला वीज लागत नाही. जमीन हलली की तांब्या पडतो. तांब्या पडला की पळायचं. आधी पळायचं, मग तो ट्रक होता की मांजर होतं ते बघायचं. बाकीच्यांनी आपापले तांब्ये कधीच माठावर नेऊन ठेवले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गुणाबाईंनी, ठेवला नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं.

“माझी थोरली जाऊ आधी बघत बसली काय पडलं म्हणून,” आत्याबाई सांगतात. “मंग पळणार व्हती.”

यापुढे त्या सांगत नाहीत.

मी स्वतः तेव्हा पहिलीत होते. अहमदपूरला आमचं घर पडलं नाही, पण दिवाळीपर्यंत आम्ही मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मैदानात झोपलो. त्यामुळे अनयला चालता यायला लागलं तेव्हा मी त्याला ‘ये ये’ म्हणून शिकवलं नाही. ‘पळ’ म्हणूनच शिकवलं.

फाउंडेशनच्या समुपदेशक मालविका मॅडम यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ए.सी. इतका होता की मी पदर गुंडाळून घेतला.

“मुलात पोटेन्शियल भरपूर आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “पण तो उठतो.”

“आवाज झाला की उठतो,” मी म्हणाले.

“तेच. डॉक्टर होणारं मूल आवाजानं उठत नाही.”

“डॉक्टरला तर आवाज दिला की उठावंच लागतं ना?”

“ते नंतर हो, मॅडम. आधी नंबर तर लागू द्या.”

माझे यजमान रविकांत जिल्हा परिषदेत आहेत. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. साहेबांनी टेबलावर फाइल आपटली तरी जागचं हलायचं नाही, हे कौशल्य त्यांच्या खात्यात पूर्वीपासून आहे; ते मुलांना इतक्या लवकर मिळतंय याचं त्यांना कौतुक वाटलं.

अशा रीतीनं अनयला गणित, विज्ञान आणि ‘कूल डाऊन’ या तीन विषयांसाठी प्रवेश मिळाला. पहिले दोन ऐच्छिक होते.

‘कूल डाऊन’चं पुस्तक संचालक नरसिंग सरांनी स्वतः लिहिलं होतं. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्यामुळे उत्सुकतेनं उघडलं. पहिला अर्थ : गरम वस्तू थंड होणे. उदाहरणार्थ, चहा, इंजिन. दुसरा अर्थ : रागावलेल्या किंवा घाबरलेल्या व्यक्तीने शांत होणे. इथपर्यंत ठीक होतं. तिसरा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नव्हता, तो संस्थेचा स्वतःचा होता : जागेवर बसणे.

त्याखाली ‘उपयोग’ असं प्रकरण होतं. त्यात म्हटलं होतं की हे क्रियापद नेहमी वरून खाली वापरावे. संचालकांनी शिक्षकांसाठी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी, पतीने पत्नीसाठी, पत्नीने मुलांसाठी. मुलांनी कोणासाठी वापरावे? ‘धाकटे भावंड असल्यास त्याच्यासाठी, नसल्यास वापरू नये.’ सासूचा उल्लेख कुठेच नव्हता. सर व्यवहारी असावेत.

कॉलेजपासून आजवर हे क्रियापद ऐकून शांत झालेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. झालेला असेल तर तो आधीपासूनच शांत असणार. पण घरोघरी सराव सुरू झाला. नळाला दहा दिवस पाणी नाही असं मी म्हटलं की रविकांत सोफ्यावरून म्हणत, “कूल डाऊन.” त्यानं पाणी येत नसे, पण टँकरवाल्याला फोन करायचं काम मात्र माझ्याकडे येई.

पंधरवड्यात अनयचा उच्चार उत्तम झाला. तिथेच घात झाला. एके संध्याकाळी नरसिंग सरांच्या गाडीच्या जागेवर कोणीतरी स्कूटी लावली होती आणि सर फाटकावर उभे राहून वॉचमनला असं काही बोलत होते की आम्ही आयांनी मुलांचे कान झाकले. अनयनं माझा हात बाजूला केला, दोन पावलं पुढे गेला आणि नम्रपणे म्हणाला, “सर, कूल डाऊन.”

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं.

“वाक्य बरोबर होतं,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा अजून उतरला नव्हता, म्हणजे लालपणा उतरला नव्हता. “प्रसंगही बरोबर होता, मी मान्य करतो. पण दिशा चुकली.” मग ते अनयकडे वळले. “बाळा, पाणी खालून वर जातं का?”

“मोटर लावली की जातं, सर,” अनय म्हणाला.

त्याला ताबडतोब ‘डीप कूल’ बॅचमध्ये हलवण्यात आलं. ही बॅच तिसऱ्या मजल्यावर भरते. जिना एक, अरुंद. त्यात चपलांचा रॅक.

डीप कूलच्या मुलांचं घरही तपासलं जातं. मालविका मॅडम एका दुपारी आल्या. चहा घेताना त्यांची पर्स पलंगाखाली सरकली आणि तांब्या खणकन पडला. पुढचं मला आठवत नाही; आठवण्याआधीच मी गल्लीत होते. अनय माझ्याआधी, रविकांत बनियनवर, आत्याबाई टीव्हीच्या रिमोटसकट. समोरच्या घरातली मंडळीही आम्हाला बघून बाहेर आली, कारण आधी पळायचं आणि मग विचारायचं, ही पद्धत अजून त्यांच्याही अंगात होती. थोड्या वेळानं मालविका मॅडम कप हातात घेऊन दारात आल्या.

“काय झालं?”

“अगं बाई,” आत्याबाई म्हणाल्या, “तू आजून आतच हायस व्हय? गेली आसतीस की!”

आमच्या घरावर ‘हॉट’ असा शेरा बसला. पेला-तांब्या तत्काळ हटवावा, अन्यथा प्रवेश रद्द, असं सांगण्यात आलं. आत्याबाई ऐकेनात.

“काढते की. पर त्या सराला आधी भिताडाला सांगून ये म्हणाव, पडू नकोस म्हणून. भिताड ऐकलं की मी ऐकते.”

“आई, पोराच्या भविष्याचा प्रश्न आहे,” रविकांत म्हणाले.

“माझा पोराचा प्रश्न हाय. भविष्य तू बघ.”

शेवटी त्या देवळात गेल्या असताना रविकांतनी तांब्या उचलून माठावर ठेवला. मी बघत होते. पण दुसऱ्या दिवशी क्लासला गेले आणि नरसिंग सरांना गाठलं.

“सर, एक शंका. खरंच भूकंप झाला तर?”

“सिलॅबसमध्ये नाही.”

“पण झाला तर?”

“तर सूचना देण्यात येईल. सूचना येईपर्यंत विद्यार्थी उठणार नाही.” मग माझा चेहरा बघून त्यांनी योग्य दिशेनं क्रियापद वापरलं. “कूल डाऊन, मॅडम. बिल्डिंगला परवानगी आहे.”

“किती मजल्यांची?”

“परवानगी आहे,” सर म्हणाले.

मग सराव कडक झाला. खाली पालकांसाठी पडदा लावला होता, त्यावर वरचा वर्ग दिसायचा. आधी ट्रे टाकून बघितला. अनयचा गुडघा उडाला, पण तो बसून राहिला. मग कुकरची शिट्टी, मग ट्रकचा हॉर्न, मग लवंगी माळ. गुडघा कमी कमी उडू लागला. मग एक शिक्षक दारातून “भूकंप! भूकंप!” असं ओरडत गेले, आणि पडद्यावर मला दिसलं की माझ्या मुलाचा गुडघा हललाच नाही. अनयच्या बॅचमधल्या वैष्णवीची मम्मी शेजारी उभी होती, तिनं माझा दंड दाबला. “सुधारला की हो तुमचा!” माझा एक पाय जिन्याकडे वळला आणि त्याच वेळी माझी मान ताठ झाली. या दोन गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी होऊ शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटची पायरी राहिली होती. मालविका मॅडमनी आम्हा आयांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं.

“संशोधनातून असं दिसतं की मुलासाठी सगळ्यात मोठा डिस्टर्बन्स म्हणजे आईचा आवाज. तो रेकॉर्ड करून मुलांना ऐकवायचाय. म्हणा, ‘ऊठ, पळ, घर पडतंय.’”

मी म्हटलं.

“जीव नाही त्यात, मॅडम. वैष्णवीच्या मम्मीनं किती छान दिलं! मुलाला फायदा व्हायचा तर मनापासून ओरडा.”

मी डोळे मिटले, मोंढ्याचं मैदान आठवलं आणि मनापासून ओरडले. बाहेरच्या खोलीतल्या दोन आया पळाल्या. मॅडम प्रसन्न झाल्या.

आठवडाभर तो आवाज वर वाजवला गेला. आठवड्यानं कळवण्यात आलं की अनयवर आता माझ्या आवाजाचा काहीही परिणाम होत नाही. त्याला स्टार मिळाला.

अंतिम परीक्षा रविवारी सकाळी होती. पूर्ण वेळ जागेवर बसायचं. आजूबाजूला काय वाटेल ते होवो. खाली मंडप, पालकांसाठी खुर्च्या, पोहे. नरसिंग सरांनी माईकवरून सांगितलं की ही केवळ परीक्षा नसून संस्कार आहे. मग सर वर गेले आणि वरची दारं लावून घेतली गेली. मुलं बसली. आम्हीही बसलो.

आधी माझ्या हातातली पोह्यांची बशी वाजली. मला वाटलं, माझाच हात. मग रचून ठेवलेल्या खुर्च्या एकमेकींवर खडखडल्या, मंडपाचा बांबू करकरला आणि जमिनीखालून तो आवाज आला, जो एकदा ऐकला की पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. सगळा मंडप उठला. पोहे, पर्सा, चपला तिथेच टाकून माणसं रस्त्याच्या मधोमध. रविकांतही. कोणी कोणाला सूचना दिली नाही. मग जिन्यातून धडधड पावलं आली. मी तिकडे पळाले, मुलं येतायत म्हणून. ते शिक्षक होते. सगळ्यात पुढे नरसिंग सर, पायात नुसते मोजे.

“सर, मुलं?”

“मुलं शांत आहेत,” सर धापा टाकत म्हणाले.

“सूचना द्या ना!”

“माईक बंद पडलाय.”

मी जिन्यात शिरले. चपलांचा रॅक आडवा पडला होता, तो ओलांडून वर गेले. दार ढकललं. सगळी मुलं हाताची घडी घालून बसलेली. पंखे झोके घेत होते. मुलांच्या केसांवर चुन्याची पूड पडली होती. त्यामुळे ती सगळी एकदम म्हातारी दिसत होती. एका कोपऱ्यात छताचा पोपडा पडला होता. तिथे कोणी बसत नसे, कारण त्या बाजूला ए.सी. पोचत नाही.

“उठा!” मी ओरडले. “पळा! घर पडतंय! अनय, ऊठ!”

एकही मूल हललं नाही. पहिल्या बाकावरच्या वैष्णवीनं माझ्याकडे समजूतदारपणे बघितलं.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “हे झालंय आमचं मागच्या आठवड्यात.”

मी अनयजवळ गेले. त्यानं फळ्यावरची नजर काढली नाही. ओठ जेमतेम हलवून तो म्हणाला, “मम्मी, कूल डाऊन.”

मी त्याला उचललं. त्यानं दोन्ही हातांनी बाक धरला. एकेक बोट सोडवावं लागलं. “मम्मी, नको ना! मम्मी, माझा नंबर जाईल!” तो जिनाभर रडत होता. मी बाकीच्यांना ओरडून सांगत होते, आणि बाकीची मुलं ओरडणाऱ्या बाईला दुर्लक्षून पैकीच्या पैकी गुण मिळवत होती.

खाली पोचेपर्यंत धक्का थांबला होता. इमारत उभी होती. हळूहळू पालकांना आपण पळालो याची लाज वाटू लागली. एकेकानं येऊन आपली खुर्ची शोधली. परीक्षा अजून संपायची होती. ती संपेपर्यंत कोणी वर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर फ्लेक्स लागले. ‘धरणी हलली, एकाग्रचा विद्यार्थी हलला नाही!’ खाली सगळ्या मुलांचे फोटो, केसांवर चुन्यासकट. अनयचा नव्हता. त्याच्या निकालावर लिहून आलं : ‘पालकाच्या हस्तक्षेपामुळे अपात्र.’

“अजून थोडं थांबली असतीस,” रविकांत म्हणाले. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

आत्याबाईंनी मला जवळ घेतलं. “लेकरू उचललंस, लई बेस केलंस. न्हाईतर ह्या बापानं त्याला तिथंच ठिवलं आसतं.” दोन दिवसांनी त्या भाजी आणायला गेल्या आणि चौकातला फ्लेक्स बघून परत आल्या. पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, “समद्या गल्लीची पोरं हायत की गं त्यात. आपलंच कसं न्हाई?”

पालकसभा झाली. मी हात वर केला. समोरची खुर्ची धरून उभी राहिले. “विचार करा,” मी म्हणाले, “छत हललं, आपण सगळे पळालो, आणि आपली मुलं जागची हलली नाहीत!”

टाळ्या झाल्या. नरसिंग सरांनी उठून मला नमस्कार केला. मला आणखी बोलायचं होतं, पण कोणीतरी माझ्या हातात गुच्छ दिला होता आणि पुढचे पालक फोटोसाठी थांबले होते.

प्रवेशाला झुंबड उडाली. हदगाव, बिलोली, पार नांदेडच्या पलीकडून माणसं मुलांना घेऊन येऊ लागली. फाटकाबाहेर मुलं हाताची घडी घालून रांगेत बसत, कारण रांगेतला बसण्याचा कालावधी गुणांत धरतात असं कोणीतरी उठवलं होतं. मी अनयला घरी ठेवलं. तो खिडकीशी बसायचा. तांब्या पुन्हा खाली आणून पेल्यावर ठेवला. एकदा मीच मुद्दाम पाय लावून पाडून बघितला. आत्याबाई आणि मी, आम्ही दोघी पळालो. तो बसून राहिला आणि म्हणाला, “मम्मी, बघ, मी हललो नाही. आता घेतील का मला?”

त्यानंतर भाजीबाजारात, लग्नात, बँकेत जो भेटेल तो एकच विचारू लागला, “अनय सध्या कुठं?” मी ‘घरी’ म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा, जसा आजाऱ्याच्या घरी आणतात. वैष्णवी तोवर तिसरीचा पोर्शन संपवून चौथीच्या निम्म्यावर आली होती. तिच्या मम्मीनंच सांगितलं, अगदी मायेनं. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी मालविका मॅडमना फोन केला.

तिसरा मजला भरला होता. पण गर्दीमुळे वर नवीन चौथा चढवला होता. भिंती अजून ओल्या होत्या, तरी बॅच सुरू झाली होती. मी एकच अट घातली : अनयला दाराजवळची जागा द्या.

“दाराजवळची जागा पहिल्या पाच नंबरांना असते, मॅडम,” त्या म्हणाल्या. “त्याला मेहनत करू द्या की.”

सोमवारपासून तो जातोय. मेहनतही करतोय. मी क्लास सुटेपर्यंत खाली रस्त्याच्या मधोमध उभी असते, जिथे डोक्यावर काही नाही. तिथे आम्ही पुष्कळ जणी असतो. सगळ्या माना वर करून बघत असतात. गाड्या हॉर्न वाजवतात, आम्ही हलत नाही.

माझ्याकडे असं काय बघताय? तुमचं कितव्या मजल्यावर आहे?